दाराआडच्या खुणा

गाळणी कपाच्या काठावर टक्कन आपटली आणि दुपारचा शांतपणा मधोमध तडकला.

वच्छलाबाईंनी स्वयंपाकघरात चहा गाळला होता, एवढंच. पण आतल्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून पडलेल्या रंजीताला तो आवाज डाव्या डोळ्याच्या मागे जाऊन लागला. तिने उशी कानावर ओढली. पाळण्यात चार महिन्यांचं बाळ झोपलं होतं. दाराशी तिची थोरली, पाच वर्षांची मयुरी, उभी होती आणि पोरांची कुजबूज जेवढी हळू असू शकते तेवढ्या हळू आजीला सांगत होती, "आजी, हळू! आईचं डोस्कं उठलं."

"उठलं? पुन्हा?" वच्छलाबाई चहा तिथंच ठेवून उठल्या. "थांब, शेगडी आणते."

सुनेवर जीव असलेली सासू होती ती, आणि जीव असला की माणूस शेगडी आणणारच. सिंदेवाहीच्या अलीकडच्या त्या मोहबोडी गावात बाळंतिणीचं डोकं दुखलं की त्याचा एकच अर्थ निघायचा. कानाला फडकं न बांधता बाई अंगणात गेली आणि डोक्यात वारं भरलं. वारं भरलं की निखाऱ्यावर ओवा आणि शेपा टाकून धुरी द्यायची. वच्छलाबाईंनी शेगडी खाटेखाली सरकवली. खोलीत धूर दाटला. रंजीताला तो वास नाकातून नव्हे, थेट कवटीतून आत शिरल्यासारखा वाटला. ती कशीबशी बादलीपर्यंत पोचली आणि ओकली.

"पाह्य!" वच्छलाबाई तिची पाठ चोळत हरखून म्हणाल्या. "निंगालं वारं. झोप आता, मोकळी होशीन."

आणि खोटं कशाला सांगावं, उलटीनंतर झोप लागायची आणि उठल्यावर डोकं पुसलेल्या पाटीसारखं कोरं असायचं. त्यामुळे गावात वच्छलाबाईंच्या धुरीचं नाव झालं होतं. दोन घरं सोडून राहणारी रीताकाकू आपल्या सुनेसाठी त्यांच्याकडून ओवा मंतरल्यासारखा मागून नेई. फक्त एक गोष्ट कुणी विचारत नव्हतं. दर आठवड्याला एवढं वारं निघून जातं, तर पुन्हा येतं कुठून?

रंजीता ते विचारत होती. तिला विचारणं भाग होतं, कारण मे महिन्यात तिची बाळंतपणाची रजा संपत होती आणि तिला जंगलात परत जायचं होतं.

ती वनरक्षक होती. गावात म्हणत 'गार्डीन'. भरतीच्या वेळी ऊन डोक्यावर घेऊन ती धावली होती, आणि खाकी घालून पहिल्यांदा गावात शिरली तेव्हा पानठेल्यावरची माणसं उभी राहिली होती. काही आदराने, काही नीट दिसावं म्हणून. "बाईमाणसाले वाघाच्या तोंडी देऊन राह्यले," असं म्हणणारेही होते. पण रंजीताने आपलं बीट, म्हणजे गस्तीचा जंगलपट्टा, हाताच्या तळव्यासारखं पाठ केलं. कुठल्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी राहतं, कुठल्या बेहड्यावर अस्वलाने नखं घासलीत, कुठल्या वळणावर सरपणाला आलेल्या बाया थबकतात. रोज पहाटे वनमजूर लालसूभाऊला सोबत घेऊन ती पायी गस्तीला निघायची. लालसूभाऊ माडिया आदिवासी, बोलणं कमी, पण बोलला की टोमणा. "मॅडम चालते तं वाघ बाजू होते," असं तो नव्या माणसांना सांगायचा. हे वाक्य रंजीताने मनात कुठंतरी पदकासारखं लावून ठेवलं होतं.

आता ते बीट राहतं की जातं, हा प्रश्न होता.

कारण नुसतं दुखणं असतं तर तिने दात आवळून सोसलं असतं. पण एका दुपारी बाळाला पाजताना तिने खाली पाहिलं, तर बाळाचं अर्धं तोंड नव्हतं. एक गाल होता, एक डोळा होता, आणि बाकी ठिकाणी बोडीच्या, गावतळ्याच्या, पाण्यावर ऊन पडावं तसा नुसता झगमगाट. त्याच्या कडेने करवतीच्या दातांसारखी वाकडीतिकडी चमकती रेघ हळूहळू सरकत होती. तिने हात फिरवला. हाताला गाल लागत होता. डोळ्याला लागत नव्हता. ती हलली नाही, ओरडली नाही, बाळाचं पिणं मोडू दिलं नाही. रेघ सरकत सरकत बाहेर गेली, तोंड पुन्हा पुरं झालं, आणि मग ते दुखणं आलं.

दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं. धनराज सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात रोपवाटिकेवर कामाला होता; मुळं न दुखावता रोप कसं उपटावं हे त्याला कळत होतं, आणि माणसांशीही तो तसाच वागायचा.

"किती वेळ राह्यते असं?" त्याने विचारलं.

"वरण शिजेस्तोवर. मग सगळं दिसते. मग दुखते."

तो अंगणात काडीने माती उकरत बसला. शेजारी चटईवर मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, जड वास सगळ्या घराला लागला होता.

"जंगलात असं झालं तं?"

रंजीताने चटईवरची मोहफुलं हाताने पसरली. हाच प्रश्न ती स्वतःला विचारून थकली होती.

"नोकरी सोड म्हणून नाई राह्यलो मी. डेपोत बदली माग ना. लाकडं मोजाची, सावलीत बसाचं."

"लाकडं मोजाले गार्ड झाली काय मी?"

"अन् अर्धाच वाघ दिसला तं? अर्ध्या वाघाले अर्धंच भ्याशीन का?"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. धनराजने काडी टाकली. "उद्या दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला. "वारं असन तं वारं. पण कोणीतरी शिकलेल्यानं सांगू दे."

तालुक्याच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली होती, आफ्रीन शेख. बाळ मांडीवर घेऊन सोबत आलेल्या वच्छलाबाई तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"तू बाबूभाई बांगडीवाल्याची पोरगी काय वं?"

"हो, आजी."

"अवं बाप्पा! तुह्या बापानं माह्या लग्नात बांगड्या भरल्या. अन् तू इंजेक्शनं देऊन राह्यली!"

"त्यांच्याच हाताचा गुण आहे, आजी. दुखू न देता टोचायचं," डॉक्टरीण हसून म्हणाली आणि रंजीताकडे वळली तेव्हा मात्र हसत नव्हती. तिने रक्तदाब दोनदा मोजला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, हात पसरायला लावले, सरळ रेषेत चालायला लावलं.

"बाळंतपणानंतरचं डोकं दुखणं अशक्तपणा म्हणून सोडून द्यायचं नसतं," ती म्हणाली. "कधी रक्तदाब वाढलेला असतो, कधी डोक्यातल्या शिरेत रक्ताची गाठ धरते. रक्तदाब ठीक आहे. पण नजर जाते म्हणताय, तर चंद्रपूरला जाऊन मेंदूचा एमआरआय करून या. आधी काय नाही ते पाहू. मग काय आहे ते."

"मॅडम, मले एवढंच सांगा. बीटवर जाता येईन का मले?"

"ज्या दुखण्याचं नाव माहीत नाही त्याला मी हो पण म्हणू शकत नाही आणि नाही पण. तुम्ही आत्ता मला आठवून सांगताय. आठवून सांगितलेलं अर्धं असतं. येताना टिपून आणा. कधी येतं, येण्याआधी काय होतं, नंतर काय होतं."

चंद्रपूरच्या त्या मशीनमध्ये रंजीता डोळे मिटून पडली आणि बाळाच्या भुकेची वेळ मोजत राहिली. रिपोर्ट साफ आला. धनराजने बसस्टँडवर पेढे घेतले. रंजीताला हायसं वाटलं, आणि मग घराकडे येताना खिडकीतून सागाची उघडी झाडं बघताना मनात आलं: काहीच नाही, तर मग हे जे येतं ते आहे काय?

टिपायचं कसं, हे मात्र तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी मास्तरांनी चिखलातला एक ठसा दाखवून विचारलं होतं, काय आहे? सगळी पोरं ओरडली, वाघ! "चूक," मास्तर म्हणाले होते. "वाघ तुम्हाला दिसला का? ठसा दिसला. मग ठसा लिहा. जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. नाव मागाहून ठरतं." तेव्हापासून ती हजार वेळा तसं करत आली होती. न दिसणाऱ्या जनावराला त्याच्या खुणांवरून ओळखणं, हेच तर तिचं काम.

अडचण एवढीच होती की दुखणं आलं की कागदाकडे पाहवत नव्हतं. मोबाइल उघडला तर उजेड सुईसारखा टोचे. आणि उतरल्यावर म्हणावं तर मधलं सगळं धुऊन गेलेलं असायचं. पहिल्या वेळी तिने उठून लिहिलं: 'दुपार. डोकं.' आणि पुढे काही आठवेना. वाघ गेला तिकडे, आणि पाऊस पडून ठसेही गेले, तसं झालं.

तेव्हा तिची नजर मयुरीवर गेली. पोरगी अंगणवाडीतून आणलेल्या खडूने ओट्यावर बकरी काढत बसली होती.

"मयुरी, इकडे ये. लालसूमामा माहा वनमजूर हाय का नाई?"

"हाय."

"घरी तू माही वनमजूर."

मयुरी एकदम ताठ उभी राहिली. "मले खाकी?"

"खाकी मोठी झाल्यावर. आता ड्युटी. माहं डोस्कं उठाचं असन त्या दिशी तुले जे जे दिसन ते ह्या दाराच्या मागं काढाचं. जे दिसलं तेच. मनचं नाई काढाचं."

आतल्या खोलीचं दार निळं होतं, आणि उघडं असलं की त्याची मागची बाजू भिंतीकडे जायची. तिथे मयुरीची ड्युटी सुरू झाली. पोरीने ती अशी काही मनावर घेतली की विचारू नका. आई पडली की ही दार अर्धं लोटून, जीभ दातांत धरून खडू चालवायची. आईने सांगितलेली करवत तिने काढली, बादली काढली, शेगडीतून निघणारा धूर गुंडाळ्या गुंडाळ्या करून काढला. खिडकीवरची गोधडी काढली, ठिगळांसकट. दुखणं उतरलं की रंजीता उठून बाजूला तारीख टाकायची आणि खाली आडवी रेघ ओढायची. नंतर नंतर मयुरी सकाळीच खडू घेऊन बसू लागली आणि काय काय काढू लागली: एक गोल, गोलात मोठं भोक, कधी कोंबडीसारखं काही. रंजीता त्यावरून नजर फिरवायची आणि सोडून द्यायची. पोर आहे, खेळते.

तिचं सगळं लक्ष धुरीवर होतं. दर वेळी धुरी, दर वेळी उलटी. आधी तिचा संशय मोहफुलांवर होता, पण मोह विकला गेला, चटई उचलली गेली, तरी दुखणं आलं. मग राहिली धुरी; एका धुरीचा अंश अंगात राहून पुढचं दुखणं उठवत असेल. एकदा धीर करून तिने सासूला म्हटलं, "बाई, ह्या वेळेस धुरी नोको ना."

वच्छलाबाईंचा चेहरा पडला. "माही धुरी तुले लागून राह्यली?"

"तसं नाई, बाई. पाहू तं खरं."

त्या दिवशी शेगडी पेटली नाही. दुखणं मात्र आलं, आणि चांगलं दिवस मावळेपर्यंत राहिलं. संध्याकाळी वच्छलाबाईंनी ओव्याचा डबा फळीवर पुढे, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

रंजीता दारासमोर बसून राहिली. ठसा होता, ताजा होता. पण जनावर कुठल्या बाजूने आलं आणि कुठल्या बाजूला गेलं, तेच उमजत नव्हतं.

दवाखान्यात जायच्या दिवशी तिने दाराचा मोबाइलवर फोटो काढला. धनराज म्हणाला, "दारच घेऊन जा ना, बिजागरी काढून देतो." मयुरी हट्टाने सोबत निघाली. ड्युटी तिची होती.

डॉक्टर आफ्रीनने चंद्रपूरचा रिपोर्ट वाचला आणि मान हलवली. मग फोटो बोटांनी मोठा करून ती बघू लागली. बघता बघता खुर्ची पुढे ओढून बसली.

"हे कोणी काढलं?"

"मी," मयुरी म्हणाली. "मी वनमजूर हाय."

"अच्छा! मग तुम्हालाच विचारते. हे काय आहे?"

"करवत. आईच्या डोळ्यात येते."

"हे?"

"बादली. ओकाची."

"आणि हे गोल गोल?"

"ते काहीतरी तिचं खेळणं, मॅडम," रंजीता घाईने म्हणाली. "कोंबडी असन."

"कोंबडी नाई!" मयुरीला भयंकर राग आला. "ते आई हाय. आई आ करून राह्यली." आणि समजावं म्हणून तिने स्वतःच एवढा मोठा आ केला की तिच्या पडलेल्या दाताची खिंड दिसली. तो आ पाहून वच्छलाबाईंना जांभई आली. त्यांची पाहून डॉक्टरणीला आली. दाराशी उभ्या असलेल्या नर्सलाही आली. सगळ्या तोंडावर हात धरून हसू लागल्या, आणि हसता हसता डॉक्टर आफ्रीन थांबली.

"एक मिनिट. अलीकडच्या प्रत्येक रेघेच्या वर आधी हेच आहे. हे तू कधी काढतेस, बाळा?"

"सकाळी. आंगणवाडीत जाच्या आधी. आई आ, आ, आ करते. डोळ्यातून पानी येते तिच्या. अन् डब्यातला गूळ खाते. अन् माह्यावर वटवट करते."

"आणि डोकं कधी दुखतं?"

"मी घरी वापस आली का."

रंजीता म्हणाली, "मॅडम, बाळाच्या पायी झोप नसते. जांभया तं येतच राह्यतात."

"रोज नाई येत," मयुरी ठामपणे म्हणाली. "रोज आली तं मी रोज नसती का काढली?"

"आणि असं झालं का, की आईने आ केलं आणि डोकं दुखलंच नाही?"

मयुरीने फोटोवर बोट ठेवलं. दाराच्या कोपऱ्यात एक गोल होता, एकटाच. पुढे करवत नाही, बादली नाही. "एकदा. नुसताच आ."

"होतं तसंही," डॉक्टरीण म्हणाली. "दारापर्यंत येऊन परत जातं." मग ती रंजीताकडे वळली. शाळेत असताना दुखायचं का? रंजीताला आठवलं: हो, पाळीच्या आधी. घरचे म्हणत, उन्हात फिरते. पोटुशी असताना? नाही, दोन्ही वेळेस अजिबात नाही. आणि तुमच्या आईचं?

रंजीताची माय धान कापणीच्या दिवसांत ओलं फडकं कपाळाला करकचून बांधून बांधीच्या धुऱ्यावर, शेतातल्या बांधावरच, आडवी व्हायची. बाया म्हणत, कामाच्या वेळेलेच बरी पडते हे. माय पडून उठायची आणि राहिलेली पात अंधार पडेस्तोवर पुरी करायची.

"होतं," रंजीता म्हणाली. "माह्या मायलेही होतं. तिनं कोणाले सांगितलं नाई."

डॉक्टर आफ्रीनने पेन उघडलं. "मग ऐका. हे मायग्रेन आहे. डोळ्यांपुढे करवत येते ती त्याचीच खूण. पोटुशी असताना अंगात काही बदल होतात म्हणून दबून राहतं, बाळंतपणानंतर उसळतं. आणि ते दुपारी येत नाही, रंजीता. सकाळीच आलेलं असतं. जांभया, गोडाची इच्छा, चिडचिड, मग वास नकोसा होणं; हे सगळं त्याचंच आहे. धुरीमुळे दुखणं आलं नाही. दुखणं आधीच आलेलं होतं, म्हणून धुरी सोसली नाही."

रंजीता त्या फोटोकडे बघत राहिली. "म्हणजे मी ठसा उलटा वाचला," ती हळूच म्हणाली. "जिथून आलं, तिथं गेलं समजली."

"आणि तुमच्या वनमजुराने सरळ काढला."

"मंग माह्या धुरीनं निंगे ते काय होतं?" वच्छलाबाईंनी इतका वेळ दाबलेलं विचारलं.

"उलटी झाली की काही जणींचं उतरतं, आजी. म्हणून तुम्हाला वाटलं. तुमचं बघणं चूक नव्हतं. पण धूर नको आता, बाळाच्या छातीलाही बरा नाही."

डॉक्टरणीने कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: दुखण्याचं नाव, कधीपासून, कोणत्या खुणा आधी येतात. अंगावर पाजताना चालेल अशी गोळी दिली. पहिली खूण दिसली की घ्यायची, वाट बघायची नाही. वेगळंच काही झालं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, ताप आला, तर हे मायग्रेन समजून घरी बसायचं नाही, तडक यायचं. "आणि पाळणा लांबवायच्या काही गोळ्या असतात, त्यातल्या सगळ्या तुम्हाला चालणार नाहीत. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी हा कागद आधी पुढे करायचा. लाजायचं नाही."

"लाजन कायले?" रंजीता म्हणाली. तिचा आवाज खणखणीत आला, तिलाच नवल वाटलं. "अन् बीट?"

"तुम्हाला ते येण्याआधी कळतं. बऱ्याच जणींना कळत नाही. सकाळी खूण दिसली तर त्या दिवशी गस्त नाही, अंधारात आडवं व्हायचं. एरवी सोबत माणूस हवा. एवढं पाळणार असाल तर मी लिहून देते, जंगलातल्या कामाला योग्य."

तिने लिहून दिलं. रंजीताने ते अक्षर न् अक्षर वाचलं, घडी घातली, आणि मयुरीच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर आली. त्या हातात काय होतं ते तिला शब्दांत सांगता आलं नसतं. भरतीच्या मैदानात शेवटची रेघ ओलांडली होती, तेव्हाही तिची छाती एवढी भरून आली नव्हती.

बसची वाट बघताना वच्छलाबाई बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होत्या. मग म्हणाल्या, "मंग आता मी काय करू तुह्यासाठी? शेगडी तं गेली."

रंजीताला एकदम कळलं, त्या धुरीत ओव्याहून जास्त काय जळत होतं. "बाई," ती म्हणाली, "माहं उठलं का तुम्ही बाळ घेऊन रीताकाकूकडे जात जा. अंधार अन् चूप, एवढंच लागते मले. तुमच्याशिवाय कोणाजवळ राह्यते ते?"

"ते खरं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि बाळाची टोपी नीट केली. दुसऱ्या दिवशी हातपंपावर त्यांनी बातमी सोडली. "वारं नाई म्हणे ते. मायग्रेन हाय. मशीनीत पाहून, लिवून देलं डॉक्टरनं. गावात कोणाले हाय का सांगा? अन् माह्या नातीनं शोधून काढलं, खडूनं!" रीताकाकूने विचारलं, मग आमच्या सुनेचं काय असेल? वच्छलाबाई म्हणाल्या, "दवाखान्यात ने. बाबूभाईची पोरगी हाय तिथं. माहं नाव सांग."

वनपरिक्षेत्र कार्यालयात साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. डेपोच्या बदलीचा अर्ज त्यांनी तिच्यासाठी तयारच ठेवला होता, काळजीपोटीच.

"मॅडम, जंगलात आलं तर काय करणार?"

"साहेब, जंगलात यायच्या आधी ते घरी येतं. सकाळी खूण दिसली तर मी गस्तीच्या लाइनवर जाणार नाही, तसं वायरलेसवर कळवीन. वाटेत आलंच तर जवळची संरक्षण कुटी गाठायची, गोळी घ्यायची, लालसूभाऊ सोबत असतात. कुठल्या वळणावरून कुठली कुटी जवळ पडते ते या कागदामागे लिहून आणलंय. वाघ मला रोज दिसत नाही साहेब, तरी मी त्याच्याबरोबर राहते ना? हेही तसंच."

साहेबांनी डेपोचा अर्ज उचलला, आडवा फाडला आणि टोपलीत टाकला. "सोमवारपासून," ते म्हणाले.

बाहेर लालसूभाऊ सायकलला टेकून उभा होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने गंभीरपणे विचारलं, "मॅडम, जांभई आली का कुटीत जाऊन झोपाचं?"

"हो, भाऊ. तसं ठरलं."

"मंग मले तं रोजच येते."

सोमवारी पहाटे रंजीताने खाकी चढवली. कमरेचा पट्टा एक भोक पुढे सरकला होता, बाळंतपणाचं अंग अजून पुरतं उतरलं नव्हतं. बाळाला तिने पोटभर पाजलं, वच्छलाबाईंच्या मांडीवर दिलं. धनराजने डबा सायकलच्या हँडलला अडकवला आणि चाकातली हवा दाबून पाहिली. मग दुसऱ्यांदाही पाहिली. दवाखान्याच्या कागदाची प्रत तिने खिशात बटण लावून ठेवली, गोळीच्या शेजारी.

ओट्यावर बसून ती बुटाची नाडी बांधू लागली. मयुरी उठून बाहेर आली, डोळे चोळत, एका पायात चप्पल. आईजवळ टेकून बसली आणि तिचं तोंड अगदी जवळून, डावीकडून, उजवीकडून तपासून पाहिलं.

"आज आ नाई आलं," ती म्हणाली.

"नाई आलं. जाऊ का मग ड्युटीवर?"

"जाय." मयुरीने परवानगी दिली. मग हनुवटी गुडघ्यावर ठेवून ती इकडेतिकडे बघत राहिली. आत आजी होती, बाळ होतं, बाबा सायकलपाशी उभा होता, दोन घरं पलीकडे रीताकाकू आपलं अंगण झाडत होती. पोरीने एकेकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून पाहिला.

"आई," तिने विचारलं, "एवढ्या लोकाईची एवढी डोस्की हायेत, तं त्याले तुहंच कसं सापडते?"